नांगराआधीची जुंपणी

बेळगावच्या उद्यमबागेत एखाद्या कारखान्याला नवं काम मिळालं की प्रश्न येतो, ‘टीमला कोण कोण?’ हा ‘टीम’ शब्द शेतातून आलेला. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ आधी संतती, पिलावळ. मग एका जुवाला जुंपलेली जनावरं. माणसांच्या गटाला तो फार उशिरा चिकटला. टीमचं कूळ असं नांगराशी जाऊन भिडतं, आणि बेळगावात तर एक नामांकित टीम नांगरापायीच जमली.

ती जमवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर 1869 साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण रंगच नीट ओळखू येईनात. रंग सुटले, रेघ राहिली; यांत्रिक चित्रकलेत हात बसला आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत मास्तरकी मिळाली. तिथं हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा राजीनामा देऊन ते बेळगावात आले. थोरले भाऊ रामूअण्णा जोडीला होतेच. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही 1888 ची पाटी सायकलच्या दुकानाची.

सायकलींनंतर कडबा कापायची यंत्रं आली आणि 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर. तोवर नांगर म्हणजे गावच्या सुतारानं बलुत्यावर घडवलेलं लाकूड. ते जमीन ओरबाडायचं. लोखंडी फाळ ढेकूळ उलथून टाकायचा, हराळी-कुंद्याच्या मुळाशी जायचा. पण लोखंडानं जमीन नासते, अशी धास्ती शेतकऱ्यांत होती. गिऱ्हाईक हळूहळू जमत होतं, तोच नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली.

औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ देऊ केला. 32 एकर, निवडुंग आणि नाग. 1910 साली बेळगावचं बिऱ्हाड तिथं उतरलं. त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली.

तिथली माणसं पाहा. रामूअण्णांकडे वसाहतीची आखणी आणि कारभार. मंगेशराव रेगे हिशेबाला. शंभोराव जांभेकर पडेल त्या कामाला, आणि माणसं सांभाळण्यात तरबेज. के. के. कुलकर्णी व्यवस्थापक. शाळा अर्ध्यावर सोडलेले अनंतराव फळणीकर कल्पक यंत्रज्ञ ठरले. प्रमाणपत्रं मांडून निवड केली असती, तर यातले काही जण दारातूनच परतले असते.

बैलजोडी लावताना शेतकरी खांद्याची उंची आणि चाल सारखी बघतो. एक ताणतो आणि दुसरा रेंगाळतो, तिथं तास वाकडं जातं. लक्ष्मणरावांनी सारखेपणा शोधला नाही. कोण कुठं अडतो, यापेक्षा कोण कुठं चालतो हे ते बघत. रंगांत अडलेला आणि रेघेत चाललेला माणूस दुसरं काय बघणार!

आजही प्रकल्पासाठी माणसं निवडताना अनुभवाची वर्षं आणि पदव्या आधी मोजल्या जातात. वाडीत मात्र राखणीचं काम दरोड्याची शिक्षा भोगून आलेल्या दोघांकडे होतं. चोराच्या वाटा त्यांच्याइतक्या कुणाला ठाऊक असणार?