औंस : नाव एक, मापे दोन

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्या घराण्यांच्या कपाटांतून औषधांच्या व पाककृतींच्या जुन्या वह्या अजूनही निघतात. त्यांत शेर, पावशेर, नवटाक यांच्या पंक्तीला ‘औंस’ हा परकी शब्द निःसंकोच बसलेला दिसतो. कंपाउंडरने मिश्रणाच्या बाटलीवर चिकटवलेली, मात्रेच्या खुणांची कागदी पट्टी ज्यांनी पाहिली, त्यांना तो परका वाटतही नसे. आज मात्र मिलिलिटरशीच आपला परिचय आहे. आणि मिलिलिटरचे औंस करू लागताच प्रश्न उभा राहतो, औंस कोणता?

वजनाचा औंस निराळा आणि द्रवाचा निराळा, हे प्रथम ध्यानी घ्यावे. द्रवाच्या औंसातही पुन्हा दोन शाखा आहेत. इंग्लंडमध्ये पूर्वी जिन्नसपरत्वे निरनिराळे गॅलन चालत. त्यांपैकी मद्याचा गॅलन २३१ घन इंचांचा होता. अमेरिकेने तोच राखला व त्याचे १२८ औंस मानले. ब्रिटनने मात्र १८२४ च्या कायद्याने जुने गॅलन मोडीत काढून ‘इम्पीरियल’ गॅलन ठरविला : ६२ अंश फॅरनहाइट तापमानाचे दहा पौंड शुद्ध पाणी जेवढी जागा व्यापते, तेवढा. दहा पौंडांचे औंस १६०. म्हणून या गॅलनचे भागही १६०. एक औंस पाण्याने व्यापलेली जागा, तोच ब्रिटिश द्रव औंस.

यामुळे ब्रिटिश औंस २८.४१ मिलिलिटरचा, तर अमेरिकन २९.५७ मिलिलिटरचा झाला. एका लिटरचे ब्रिटिश औंस ३५.२ भरतात, अमेरिकन ३३.८. नवल असे की, अमेरिकन औंस मोठा असूनही त्यांचा गॅलन लहान : ३.७८५ लिटर, ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटर.

ज्या सत्तेने औंस आपल्या दवाखान्यांत आणला, तिनेच १८७१ मध्ये हिंदुस्थानासाठी किलोग्रॅमइतका शेर ठरविणारा कायदा केला होता. एक शेर पाणी मावेल ते द्रवमाप, म्हणजे व्यवहारात लिटरच! तो कायदा कागदावरच राहिला आणि शेर गावोगावी बदलत राहिला. दशमान मापांसाठी १९५६ च्या कायद्याची वाट पाहावी लागली.

हा सारा खटाटोप केवळ कुतूहलाचा नाही. व्यवहारात सोयीसाठी औंस म्हणजे ३० मिलिलिटर धरण्याचा प्रघात पडला. एका औंसापुरता फरक दीड मिलिलिटरचा. पण आठ औंसांच्या बाटलीत २२७ ऐवजी २४० मिलिलिटर होतात. म्हणजे जवळजवळ अर्धा औंस पाणी अधिक, आणि औषध तितके सौम्य.

म्हणून आमचे मत असे की, जुन्या वह्यांची नक्कल करताना मूळ आकडा खोडून त्या जागी मिलिलिटर लिहू नयेत. मूळ माप तसेच ठेवावे आणि रूपांतर शेजारी नोंदवावे. ब्रिटिश अमदानीतील दवाखान्याची नोंद असेल तर २८.४१ ने गुणावे. अमेरिकन पुस्तकातून उतरवलेली पाककृती असेल तर २९.५७ ने. आकडा एकदा बदलला की तो कोणत्या औंसाचा होता, हे पुढच्या पिढीस सांगणारे कोणी उरत नाही. माप हाही घराण्याच्या इतिहासाचा एक दस्तऐवजच होय.