पॅरिसचा वृकमानव स्पेनमध्ये : एका रूपांतराचा इतिहास

एखादी वाङ्मयकृती एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात गेली म्हणजे आम्ही टीकाकार मंडळी पहिला प्रश्न हमखास विचारतो, तो हा की, रूपांतरकार मूळ कृतीशी कितपत प्रामाणिक राहिला. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले आणि देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, तेव्हापासून मराठीत हा प्रश्न चर्चिला जात आहे. देश बदलला, काळ बदलला, पात्रांची नावे बदलली, तर त्याचे कारण आम्ही रूपांतरकाराच्या रसिकतेत शोधतो. गुण दिसल्यास त्याला शाबासकी देतो; दोष दिसल्यास त्याच्याच पदरी बांधतो. नाटकाच्या बाबतीत ही रीत बव्हंशी चालून जाते. चित्रपटाच्या बाबतीत ती किती अपुरी ठरते, हे दाखविणारे एक उदाहरण आम्ही येथे घेत आहोत. या रूपांतरात कथेचा देश आणि शतक ठरविण्याचे काम लेखकाच्या आधी सुतारांनी उरकले होते.

उदाहरण आहे गाय एन्डोर यांच्या ‘द वेअरवुल्फ ऑफ पॅरिस’ या १९३३ सालच्या कादंबरीचे, आणि तिच्यावरून इंग्लंडातील हॅमर या चित्रसंस्थेने काढलेल्या ‘द कर्स ऑफ द वेअरवुल्फ’ या १९६१ सालच्या चित्रपटाचे. ‘वेअरवुल्फ’ म्हणजे ज्याचा विशिष्ट समयी लांडगा होतो असा मनुष्य. आमच्याकडील मुंजा, वेताळ, खवीस, देवचार यांच्या मेळ्यात या प्राण्याला ठळक जागा नाही. भीमाच्या ‘वृकोदर’ या नावातला ‘वृक’ सर्वांच्या परिचयाचा आहे. म्हणून त्याचाच आधार घेऊन आम्ही यास ‘वृकमानव’ म्हणतो.

एन्डोर हे न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे जन्मलेले अमेरिकन लेखक. डाव्या विचारांचे. ‘वेअरवुल्फ’नंतर एका वर्षाने त्यांनी ‘बाबूक’ ही हैतीमधील गुलामांच्या उठावावरील कादंबरी लिहिली, यावरून त्यांचे लक्ष कोठे होते हे कळते. हॉलिवुडमध्ये त्यांनी भयपटांच्या पटकथा लिहिल्या. ‘द स्टोरी ऑफ जी. आय. जो’ या १९४५ सालच्या युद्धपटाच्या पटकथेसाठी सहलेखकांसमवेत त्यांचे नाव ऑस्कर पारितोषिकाच्या विचारात आले. पुढे साम्यवादी म्हणून ते हॉलिवुडच्या काळ्या यादीत गेले. अशा लेखकाने वृकमानवाची कथा केवळ अंगावर काटा आणण्यासाठी लिहिली असेल, हे संभवत नाही.

कादंबरीला एका खऱ्या घटनेचा आधार आहे. १८४० नंतरच्या दशकात फ्रेंच लष्करातील फ्रांस्वा बर्त्रां नावाचा एक सार्जंट रात्री दफनभूमीत शिरून प्रेते उकरीत व फाडीत असे. १८४९ साली तो पकडला गेला आणि त्यास एक वर्षाची कैद झाली. एन्डोर यांनी हा विकृत शिपाई उचलला, त्याचे नाव ‘बर्त्रां’च ठेविले, आणि त्याला वीस-बावीस वर्षे पुढे आणून १८७०-७१ सालच्या पॅरिसमध्ये सोडले. निवेदनाची युक्तीही लक्षात घेण्याजोगी आहे. पॅरिसमध्ये आलेल्या एका अमेरिकन अभ्यासकाच्या हाती एक जुने हस्तलिखित लागते. लष्करी न्यायालयापुढे उभ्या असलेल्या बर्त्रांच्या बचावासाठी त्याच्या पालकाने ते लिहिलेले असते. म्हणजे ही भयकथा एका आरोपीची कैफियत म्हणून वाचकापुढे येते.

आता त्या कालाचा विचार करावा. सप्टेंबर १८७० पासून जानेवारी १८७१ पर्यंत पॅरिसला प्रशियाच्या सैन्याचा वेढा होता. लोकांनी उंदीर खाल्ले. प्राणिसंग्रहालयातील हत्तीही मारून खाल्ले गेले. मार्चमध्ये नगरवासीयांनी आपले स्वतंत्र ‘कम्यून’ स्थापिले. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात व्हर्सायच्या सरकारी फौजा शहरात घुसल्या आणि त्यांनी आपल्याच देशबांधवांची कत्तल केली. मृतांचा परंपरागत आकडा वीस हजारांच्या आसपास सांगितला जातो. अलीकडील काही संशोधक तो पुष्कळ खाली आणतात. कमी आकडा धरला तरी तो हजारांतच राहतो. २८ मे रोजी पेर लाशेझच्या दफनभूमीत भिंतीशी उभे करून १४७ जणांस गोळ्या घालण्यात आल्या.

या कत्तलीच्या शेजारी एन्डोर आपला लांडगा उभा करतात. त्याने मारून मारून माणसे मारली किती? बोटांवर मोजता येतील इतकी. आणि त्यासाठी त्याच्यावर खटला! ज्यांनी एका आठवड्यात रस्ते प्रेतांनी भरले, ते मात्र शिस्तीची माणसे, सुव्यवस्थेचे रक्षक. वृकमानव खरा कोण, हा प्रश्न कादंबरी विचारते, आणि त्या प्रश्नाचा सारा भार पॅरिस शहर व १८७१ हे साल यांच्यावर आहे. शहर काढून घेतले की तुलनेचे एक पारडे रिकामे राहते. पुढील इतिहास समजण्यास ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

हॅमर ही लहान संस्था. टेम्स नदीच्या काठी ब्रे येथे एका जुन्या वाड्यात तिचा स्टुडिओ होता. ‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ (१९५७) आणि ‘ड्रॅक्युला’ (१९५८) या रंगीत भयपटांनी तिचे नाव जगभर झाले. दोहोंचे दिग्दर्शक टेरेन्स फिशर. वृकमानवही त्यांच्याकडेच आला. थोड्या पैशांत भरदार दृश्य उभे करण्याची कला या मंडळींना उत्तम साधली होती. कलादिग्दर्शक बर्नार्ड रॉबिन्सन एका चित्रपटातले खांब, जिने आणि कमानी दुसऱ्या चित्रपटात असे फिरवीत की प्रेक्षकाला शंकाही येऊ नये. जुन्या लुगड्याची गोधडी करणाऱ्या गृहिणीचाच हा हिशेब होता.

१९६० साली हॅमरने स्पेनमधील इन्क्विझिशनवर एक चित्रपट योजिला होता. १५६० ते १८१२ या काळातील गोव्याच्या इन्क्विझिशनचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा विषय किती नाजूक आहे हे सांगावयास नको. त्या चित्रपटासाठी ब्रे येथे स्पॅनिश गावाचे सेट उभे राहू लागले. पण कॅथॉलिकांचा रोष ओढवेल, परिनिरीक्षण मंडळही आडवे येईल, अशी चिन्हे दिसताच संस्थेने तो चित्रपट सोडून दिला. चित्रपट गेला, लाकूड, गिलावा आणि त्यावर झालेला खर्च मात्र मागे राहिला. पाठोपाठ वृकमानवाच्या चित्रपटाची पाळी होती. तेव्हा ठरले की, वृकमानवाने स्पेनला जावे.

हे ज्यांच्या वाट्यास आले, ते निर्माते अँथनी हाइंड्स. हॅमरच्या संस्थापकांपैकी विल्यम हाइंड्स यांचे ते चिरंजीव. पटकथालेखकास द्यावयास पैसे उरले नव्हते म्हणून पटकथा आपणच लिहिली, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. श्रेयनामावलीत त्यांनी ‘जॉन एल्डर’ हे टोपणनाव घातले. एका अडचणीपोटी जन्मलेला हा लेखक पुढे हॅमरच्या अनेक चित्रपटांचा पटकथाकार झाला. अडचणीतून लेखक निपजल्याची अशी उदाहरणे आमच्या नाटकमंडळ्यांच्या इतिहासातही थोडी नाहीत.

हाइंड्स यांच्यापुढील कोडे सोपे नव्हते. गावाचा चौक, वाडा, तळघर, मंदिर एवढेच त्यांच्या हाती होते. वेढा, कम्यून, लष्करी न्यायालय यांपैकी काहीही नव्हते. त्यांनी कथा अठराव्या शतकातील स्पेनमध्ये नेली आणि तिची सुरुवात एका मेजवानीने केली. एक क्रूर उमराव आपल्या विवाहाच्या दिवशी दाराशी आलेल्या भिकाऱ्याची विटंबना करतो, त्याला तळघरात डांबतो आणि विसरून जातो. वर्षे लोटतात. भिकारी माणूसपण गमावून बसतो. तुरुंगाधिकाऱ्याची मुकी मुलगी त्याला अन्न देत लहानाची मोठी होते. म्हाताऱ्या उमरावाला तिने झिडकारले म्हणून तो तिलाही त्याच कोठडीत टाकतो, आणि त्या पशूवत् झालेल्या मनुष्याकडून तिच्यावर बलात्कार होतो. ती उमरावाला ठार करून रानात पळते. एका सज्जन गृहस्थाच्या घरी नाताळच्या दिवशी प्रसूत होऊन मरते. तो मुलगा लिऑन हाच वृकमानव.

कादंबरीतही बर्त्रांचा जन्म नाताळाशी जोडलेला आहे आणि त्याची आई बलात्काराचीच बळी आहे; मात्र तेथे अपराधी एक धर्मगुरू आहे. धर्माच्या धाकाने एक चित्रपट नुकताच गेलेला असताना तो धर्मगुरू पडद्यावर येणे शक्यच नव्हते. त्याच्या जागी हाइंड्स यांनी उमराव आणि भिकारी आणले, आणि आमच्या मते येथे त्यांनी एन्डोर यांचे ऋण काही अंशी फेडले. लिऑनमधील लांडग्याची जबाबदारी अखेर त्या मेजवानीतल्या हसणाऱ्या मंडळींवर येते. पशू जन्मतो तो माणसाने माणसाच्या केलेल्या विटंबनेतून. कादंबरीचा गाभा पुरा नाही, तरी त्याची एक शीर येथे धडधडते. भिकाऱ्याची भूमिका करणारे रिचर्ड वर्ड्‌स्वर्थ हे त्याच आडनावाच्या थोर कवीचे वंशज. शब्दांवाचून केवळ डोळ्यांनी त्यांनी जे दाखविले, ते विसरता येत नाही.

पटकथा झाली तरी परिनिरीक्षण मंडळ होतेच. हॅमरची रीत अशी की, चित्रणापूर्वीच पटकथा मंडळाकडे वाचावयास पाठवावी. बलात्कार आणि भय यांचे मिश्रण मंडळास मुळीच रुचले नाही. प्रौढांसाठीचे ‘एक्स’ प्रमाणपत्र मिळाले, तरी कोठडीतील प्रसंग, उमरावाचा वध आणि शेवटचे रक्त यांवर कात्री चाललीच. ज्या दृश्यांत अन्यायाचे मूळ होते तीच आखूड झाली, त्यामुळे कार्य दिसते आणि कारण पुसट होते असा विचित्र परिणाम झाला. कापलेले अंश जोडलेली प्रत पाहावयास मिळण्यास १९९०चे दशक उजाडावे लागले.

सुदैवाने या चित्रपटास दोन-तीन माणसे उत्तम लाभली. लिऑनच्या भूमिकेत ऑलिव्हर रीड हा बावीस वर्षांचा, तोवर किरकोळ कामे केलेला नट होता. रंगभूषाकार रॉय ॲश्टन यांनी त्याच्या चेहऱ्याच्या भरदार ठेवणीवरच लांडग्याचा मुखवटा रचला, त्यामुळे केसांखालूनही मनुष्य दिसत राहतो. बेंजामिन फ्रँकेल यांनी बारा स्वरांच्या नव्या पद्धतीचा आधार घेऊन संगीत दिले. ब्रिटिश चित्रपटात तो प्रयोग पहिला मानला जातो. आपण साधा भयपट काढीत आहोत म्हणून यांपैकी कोणीही हात आखडला नाही.

मग हानी कोणती झाली? आमच्या मते दोन झाल्या. कादंबरीत बर्त्रांची प्रेयसी सोफी आपले रक्त त्याला देऊन त्याचा पशू शांत ठेवते; तेथे प्रेमच रक्ताने माखलेले आहे. चित्रपटातील क्रिस्टिनाचे प्रेम निर्मळ आहे, आणि ती जवळ असली की लांडगा दबतो. संघर्ष सोपा झाला. दुसरी हानी याहून मोठी. लिऑन शेवटी गावकऱ्यांच्या मशालींत वेढला जातो आणि पालक पिता क्रूसाच्या चांदीची गोळी घालून त्यास मुक्त करतो. प्रसंग करुण आहे. पण येथे जमाव निरपराध आहे, भयभीत आहे, आणि त्याची बाजू न्यायाची आहे. एन्डोर यांच्या पॅरिसमध्ये संशय जमावावरच होता, त्याहूनही अधिक त्या जमावावर तोफा डागणाऱ्यांवर होता. लाकडी चौकात एका उमरावाचा जुलूम मावला. एका राष्ट्राचा मावला नाही.

याचा दोष हाइंड्स यांना द्यावा काय? आम्ही देणार नाही. त्यांनी जेवढे वाचविले तेवढे वाचविणे सर्वांस जमले नसते. परंतु अडचण समजली म्हणजे हानी भरून निघते, असेही आम्ही मानीत नाही. वर्गात रूपांतराचा विषय शिकविताना या दोन गोष्टी निरनिराळ्या ठेवाव्यात. रूपांतरकाराच्या न्यायासाठी त्याच्यापुढील सुतारकाम, पैसा आणि कायदा यांची चौकशी करावी. मूळ लेखकाच्या न्यायासाठी मूळ ग्रंथ पुन्हा उघडावा. एकाला न्याय देण्याकरिता दुसऱ्याचा घास घेण्याचे कारण नाही.

या कथेस एक उपसंहार आहे. १९७५ साली ‘लेजन्ड ऑफ द वेअरवुल्फ’ नावाचा दुसरा एक इंग्रजी चित्रपट निघाला. संस्था निराळी होती. पटकथाकार होता जॉन एल्डर, म्हणजे पुन्हा हाइंड्सच. या वेळी वृकमानव एकोणिसाव्या शतकातील पॅरिसमध्ये होता. प्राणिसंग्रहालयात काम करीत होता, प्रेमात पडत होता, रात्री माणसे मारीत होता. शहर परत मिळाले, पण कम्यून काही आले नाही. तेव्हा पॅरिसच्या त्या आठवड्यातील मृतांचा हिशेब ज्याला हवा असेल, त्याला अद्यापि एन्डोर यांचे पुस्तकच हाती घ्यावे लागते.