पांढऱ्या पेशींना हाक कोण मारतो?

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह डोळ्यांपुढे येतात. आज सांगावयाचा इतिहास एका प्रश्नाचा आहे. अंगात काटा रुतला, तर रक्तातील पांढऱ्या पेशींना ती वार्ता कळते कशी?

१८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने ताराम़ाशाच्या पारदर्शक डिंभात काटे टोचले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा! (त्यांचेच ओडेसा येथील शिष्य हाफकिन. १८९७ साली मुंबईत प्लेगची लस त्यांनी आधी स्वतःस टोचून घेतली.) पेशी धावतात हे दिसले, परंतु त्यांना बोलावतो कोण?

१९६२ साली बॉयडेन यांनी एक साधी युक्ती काढली. दोन कप्पे, मध्ये सूक्ष्म छिद्रांचा पडदा. वर पेशी, खाली परीक्षेचे द्रव्य. पेशी पडद्यातून खाली सरकल्या, तर त्या द्रव्यात आकर्षण आहे असे समजावे. मात्र द्रव्य शुद्ध हवे, आणि शरीरात ते अत्यल्प! ही अडचण पुढे दूर झाली ती १९७३ साली कोहेन व बॉयर यांनी परके जनुक जिवाणूत घालून दाखविल्यामुळे. मग जिवाणूंकडूनच प्रथिने करवून घेता येऊ लागली. १९८७ साली माणसाचे इंटरल्यूकिन-८ व १९८८ साली उंदराच्या पेशींतील अशीच प्रथिने उजेडात आली. या कुळास 'केमोकाइन' हे नाव मिळाले.

मग माणसाचेच प्रथिन उंदरावर का वापरू नये? कारण इंटरल्यूकिन-८ चे जनुक उंदराजवळ नाहीच. ते काम त्याची दुसरी केमोकाइने करतात. उलट सीएक्ससीएल-१२ या प्रथिनात ६८ अमिनो आम्लांपैकी एकाचाच फरक. कोठे साम्य आणि कोठे भेद, हे आधी पारखावे लागते. म्हणून उंदराच्या प्रयोगास सहसा उंदराचेच प्रथिन घेतात.

१९९६ साली जपानमध्ये नागासावा व सहकाऱ्यांनी हेच सीएक्ससीएल-१२ नसलेले उंदीर निर्माण केले. पिले जन्माच्या सुमारास दगावली. मज्जेत रक्तपेशींची वाढ खुंटली होती, हृदयाच्या पडद्यात छिद्र राहिले होते. ज्याला आपण रणशिंग समजत होतो, ती घर बांधणाऱ्या गवंड्याचीही हाक होती!

या ज्ञानाचा उपयोग रुग्णास झाला. सीएक्ससीएल-१२ ची पकड सैल करून मज्जेतील मूलपेशी रक्तात आणणारे प्लेरिक्साफॉर हे औषध २००८ साली अमेरिकेत मान्य झाले. काही रक्तकर्करोगांत रुग्णाच्याच मूलपेशी गोळा करून त्या पुन्हा त्याला देता येतात, त्या कामी ते उपयोगी पडते. त्या अल्पायुषी पिलांचे हे ऋण आपण विसरू नये.