अंतराळवीरांची दृष्टी

माणूस अंतराळात जाण्यापूर्वी काही वैद्यांना मोठी धास्ती वाटत होती. वजन नाहीसे झाले म्हणजे नेत्रगोलाचा आकार पालटेल आणि माणसाला धड दिसणार नाही, असे त्यांचे म्हणणे. म्हणून २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले, तेव्हा त्यांच्या समोरच्या फळीवर अक्षरांचा एक चिमुकला तक्ता लावलेला होता. ग्लेन यांनी तो वरचेवर वाचला आणि दृष्टीत फरक नाही, असे कळविले. पाच तासांहूनही कमी वेळाचा हा प्रवास!

पुढल्या वर्षी गॉर्डन कूपर यांनी उलटीच बातमी आणली. तिबेटवरून जाताना आपल्याला घरे व रस्ते नुसत्या डोळ्यांनी दिसले, असे ते सांगू लागले. पुष्कळांना हा भास वाटला. मग १९६५ च्या ऑगस्टमध्ये कूपर व कॉनराड ‘जेमिनी ५’ मधून आठ दिवसांसाठी गेले, तेव्हा खुद्द पृथ्वीचाच तक्ता करण्यात आला. टेक्सासमधील लारेडोजवळ जमीन नांगरून दोन दोन हजार फुटांचे चौरस आखले आणि त्यांत पांढरे पट्टे मांडले. ऑस्ट्रेलियात तेच काम पांढऱ्या शिंपल्यांनी केले. पट्टा कोणत्या दिशेला आहे, हे वरून सांगायचे. ढगांनी बराच खोळंबा केला. पण यानातील तपासणीयंत्राने निर्वाळा दिला, की दृष्टी सुधारलीही नाही आणि बिघडलीही नाही.

हा निर्वाळा खरा होता. मात्र तो आठ दिवसांपुरता होता, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. २०११ साली सहा सहा महिने अंतराळस्थानकात राहून आलेल्या सात जणांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी पाच जणांच्या नेत्रगोलाची मागची बाजू चपटी झाली होती आणि पाच जणांच्या डोळ्यांत, दृष्टीची नस जेथे शिरते तेथे, सूज होती. वजनरहित अवस्थेत शरीरातील द्रव डोक्याकडे सरकतात, त्याचा हा परिणाम असावा, असा तज्ज्ञांचा कयास आहे. म्हणजे त्या जुन्या वैद्यांची धास्ती अगदीच वेडगळ नव्हती.

नेत्रगोल मागून चपटा झाला, की प्रतिमा पडद्याच्या मागे पडू लागते आणि जवळचे अंधुक दिसते. आता स्थानकातच ध्वनिलहरींनी डोळ्याची लांबी मोजतात आणि आतल्या पडद्याची छायाचित्रे पृथ्वीवर धाडतात. चष्म्याला आपण चाळिशी म्हणतो. चाळिशी उलटलेल्या अंतराळवीराबरोबर वाढीव नंबराची एक जादा चाळिशी आधीच देऊन ठेवलेली असते.