चुकीने जमा झालेली बँक-रक्कम : कायदेशीर जबाबदारी

बँकेच्या चुकीने एखाद्याच्या खात्यात आलेली, त्याला देय नसलेली रक्कम आणि ती परत करण्याचे बंधन. आकडा टाकताना झालेली चूक, खाते क्रमांकाची गफलत, एकच जमा दोनदा पडणे किंवा संगणक प्रणालीतील बिघाड ही तिची नेहमीची कारणे. भारतात या विषयाचा स्वतंत्र कायदा नाही. करार, फौजदारी आणि मुदत या तिन्ही कायद्यांतील तरतुदी एकत्र वाचाव्या लागतात.

परतफेडीचे बंधन : भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७२ नुसार, ज्याला चुकीने किंवा जबरदस्तीमुळे पैसे दिले गेले त्याने ते परत केले पाहिजेत. अधिनियमातच उदाहरण आहे : अ आणि ब मिळून क चे १०० रुपये लागतात, अ ने ते फेडले आणि हे ठाऊक नसल्याने ब ने पुन्हा फेडले, तर क ने ब चे पैसे परत करावेत. हे कलम करारसदृश संबंधांच्या प्रकरणात येत असल्याने घेणाऱ्याने काही कबूल केले होते का, हे पाहण्याची गरज नसते. देणाऱ्याने पुरेशी काळजी घेतली होती का, याविषयीही कलम काही बोलत नाही. त्यामुळे ‘चूक बँकेची, मग भुर्दंड मला का?’ हा खातेदाराचा हमखास युक्तिवाद सहसा टिकत नाही. पासबुकातील नोंद हा पुरावा आहे आणि ती चुकीची असल्याचे बँक सिद्ध करू शकते.

कायद्याच्या अज्ञानातून झालेली चूकही या कलमात मोडते का, यावर उच्च न्यायालयांत दीर्घकाळ मतभेद होते. प्रिव्ही कौन्सिलने १९४९ मध्ये शिवप्रसाद सिंग विरुद्ध श्रीशचंद्र नंदी या दाव्यात ती मोडते असे ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये विक्रीकर अधिकारी, बनारस विरुद्ध कन्हैयालाल मुकुंदलाल सराफ या खटल्यात तेच मत स्वीकारले. वाद कराचा होता, बँकेचा नव्हे; तरीही बँकांच्या दाव्यांना या निकालातील एक मुद्दा फार उपयोगी पडतो. मिळालेली रक्कम खर्च होऊन गेली, एवढ्याने परतफेडीतून सुटका होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. अपवाद विबंध (आपल्याच आधीच्या विधानापासून मागे फिरण्यास मनाई), हक्कत्याग, मुदत अशा बाबींचा. बँकेने ‘ही रक्कम तुमचीच’ असे ठामपणे सांगितले आणि त्यावर विसंबून खातेदाराने आपली स्थिती बदलली, तर विबंधाचा बचाव घेता येतो. प्रत्यक्षात तो सिद्ध करणे अवघड असते.

वसुली : पैसे खात्यातच असतील तर बँक उलट नोंद टाकते किंवा तेवढ्या रकमेवर ‘लियन’ लावते. (व्यवहारात हाच शब्द रूढ असला, तरी खात्यातील शिल्लक हे बँकेचेच देणे; स्वतःच्याच देण्यावर लियन, म्हणजे धारणाधिकार, कसला? काटेकोरपणे पाहता ही वजावट आहे.) खातेदाराने हरकत घेतल्यावर पूर्वसूचनेविना अशी नोंद कितपत करता येते, याबाबत एकवाक्यता नाही. रक्कम काढली गेली असल्यास दिवाणी दावा करावा लागतो. मुदत तीन वर्षांची. मात्र मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम १७ नुसार चूक लक्षात आल्यापासून, किंवा वाजवी दक्षतेने ती लक्षात येऊ शकली असती तेव्हापासून, ती मोजतात.

व्याज : लेखी मागणीच्या तारखेपासून न्यायालय ते देऊ शकते (व्याज अधिनियम, १९७८).

फौजदारी बाजू : केवळ रक्कम जमा होणे हा गुन्हा नव्हे. ती आपली नाही हे कळल्यावर अप्रामाणिकपणे वापरणे हा अपहार ठरू शकतो. भारतीय दंड संहितेच्या कलम ४०३ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ ने घेतली. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षे कारावास आणि दंड.

ग्राहकाची चूक : पाठवणाऱ्यानेच खाते क्रमांक चुकवल्यास जबाबदारी मुख्यतः त्याची. एनईएफटी व आरटीजीएस व्यवहारांत पैसे पाठवण्याआधी लाभार्थ्याचे नाव पडताळण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत देण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने बँकांना दिला होता.

काही प्रकरणे : पैठण तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या जनधन खात्यात २०२१ मध्ये ग्रामपंचायतीचे १५ लाख रुपये जमा झाले. ते पंतप्रधानांनी पाठवले असे समजून त्याने त्यातील सुमारे ९ लाख घरबांधणीत घातले. काही महिन्यांनी बँकेने परतफेड मागितली. अमेरिकेत सिटीबँकेने २०२० मध्ये रेव्हलॉन कंपनीच्या धनकोंना सुमारे ९० कोटी डॉलर चुकून पाठवले. परत न आलेले सुमारे ५० कोटी ठेवून घेण्याची मुभा खालच्या न्यायालयाने दिली होती. अपिलात सप्टेंबर २०२२ मध्ये तो निकाल फिरला. युको बँकेत १० ते १३ नोव्हेंबर २०२३ दरम्यान आयएमपीएसमधील बिघाडाने ४१ हजारांहून अधिक खात्यांत सुमारे ८२० कोटी रुपये जमा झाले, पण पाठवणाऱ्यांच्या खात्यांतून वजा झाले नाहीत. काही दिवसांत सुमारे ६४९ कोटी परत मिळाले. पैसे काढून घेणाऱ्यांच्या शोधात मार्च २०२४ मध्ये सीबीआयने राजस्थान व महाराष्ट्रात ६७ ठिकाणी झडती घेतली.