कान हरवलेले खेळाडू

टेबल टेनिसमधली चपळाई हातात असते, असं आपण समजतो. १९५२ साली मुंबईत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, आशियात पहिल्यांदाच. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन उतरला आणि पुरुष एकेरी जिंकून गेला. तोवर बॅटीवर दाणेदार रबर असे, चेंडू लागला की टक् असा आवाज यायचा. स्पंजाने तो आवाजच गिळला. चेंडू किती जोरात येतोय, हे भल्याभल्यांना कळेना. हात तेच होते हो, कान निकामी झाले!

याचा उलगडा डच शास्त्रज्ञ डोंडर्स यांच्या १८६८ च्या सुमाराच्या प्रयोगांत सापडतो. खूण एकच असेल तर माणूस चटकन प्रतिसाद देतो. अनेक खुणांतून निवड करायची असली की वेळ वाढतो. (मन मोजता येत नाही म्हणणाऱ्या आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांची इथे जरा पंचाईतच होते.) म्हणजे सरावाने कमी करायचा तो निवडीचा वेळ. दिवा लागला की बटण दाब, एवढ्याने खेळ सुधारेल असं आम्हाला वाटत नाही. चीनमध्ये रुजलेल्या सरावात प्रशिक्षक टोपलीभर चेंडू घेऊन एकामागून एक मारत राहतो, दिशा आणि फिरकी बदलत. खेळाडू हळूहळू समोरच्याचं मनगट, बॅटीचा कोन वाचायला शिकतो.

पुढे काहींनी बॅटीच्या दोन बाजूंना एकाच रंगाची, पण वेगळ्या गुणांची रबरं लावली. खूण पुन्हा नाहीशी! अखेर १९८० च्या दशकात नियम झाला: एक बाजू लाल, दुसरी काळी.