भट्टी आणि नैवेद्य

मिष्टान्नाचा इतिहास हा केवळ जिभेच्या चोचल्यांचा इतिहास नव्हे. एखादा समाज काय खातो ह्यापेक्षा काय खात नाही, आणि जे एके काळी खात नव्हता ते पुढे कोणत्या अटीवर ताटात घेतो, ह्यावरून त्या समाजाच्या मनाचा ठाव अधिक लागतो. बडोदे शहरातील कारेलीबाग ह्या वस्तीत आज कोणी उंची बेकरी व नाजूक गोड पदार्थ शोधावयास निघाला, तर त्यास दुकानांची उणीव भासत नाही. काचेच्या थंड कपाटांत चॉकलेटचे थर दिलेले केक आणि फळांनी सजविलेल्या पेस्ट्र्या मांडलेल्या असतात. परंतु पुष्कळ गिऱ्हाइकांचा पहिला प्रश्न चवीचा नसतो आणि किमतीचाही नसतो. ‘एगलेस आहे ना?’ एवढेच ते विचारतात. ह्या छोट्या प्रश्नामागे चार शतकांहून अधिक काळाचा इतिहास उभा आहे, आणि त्याचा आरंभ आपल्या गोव्यात आहे.

१५१० साली पोर्तुगीजांनी गोवे घेतले. त्यांना रोजच्या जेवणास गव्हाची रोटी हवी होती आणि धर्मविधीसही हवी होती. आंबवण मिळेना, तेव्हा माडाची सूर पिठात घालून ते फुगविण्याची युक्ती निघाली. जेझुइट पाद्र्यांनी साष्टीतील नवख्रिस्ती लोकांस हा धंदा शिकविला, अशी परंपरा सांगतात. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज आणि ‘पदेर’ हाही पोर्तुगीजच. त्याच शतकात कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. देव नदीपार नेणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या दृष्टीने पाव हा खाद्यपदार्थ राहिलाच नाही, तो परधर्माची खूण झाला. विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि तिचे पाणी प्यालेले सारे गाव बाटले, ही कथा गोव्यापासून वसईपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. ती अक्षरशः कोठे व किती वेळा घडली ह्यापेक्षा तिच्यावर सर्वांचा विश्वास बसला, ही गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्या विश्वासापायी स्वकीयांनीच स्वकीयांस घराबाहेर ठेवले.

ही भिंत एकाच बाजूने उभारली गेली असे मात्र नाही. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने काढलेल्या हुकूमनाम्यात ख्रिस्ती झालेल्यांस अनेक हिंदू रीती वर्ज्य ठरविल्या. हिंदूंप्रमाणे मिठावाचून भात शिजवू नये, हीही त्यांतील एक आज्ञा होती. अशा रीतीने चुलीवरच्या भातातूनही धर्माची सीमा आखली गेली. एका बाजूस पाव निषिद्ध आणि दुसऱ्या बाजूस अळणी भात निषिद्ध, असा तो काळ होता.

गुजरातेत हाच प्रश्न निराळ्या रीतीने सुटला. सुरतेस डचांची वखार होती आणि तेथे पाव भाजणाऱ्या भट्ट्या होत्या. १८२५ साली डचांनी सुरत इंग्रजांच्या स्वाधीन केली. त्यानंतर त्यांच्या भट्टीचा वारसा फरामजी पेस्तनजी दोतीवाला ह्या पारशी गृहस्थाकडे आला, असे सांगतात. सूर आणि अंडी घातलेला माल हिंदू गिऱ्हाईक घेईना. तेव्हा दोन्ही वगळून मैदा, तूप व साखर ह्यांची खुसखुशीत वडी भाजली जाऊ लागली, आणि सुरतेची नानखटाई नावारूपास आली. ह्या हकिकतीतील बारकावे परंपरेचे आहेत, पण तिचे मर्म खरे आहे. गुजरातेतील भट्टीवाल्याने गिऱ्हाइकाशी वाद घातला नाही, त्याने पदार्थच बदलला. कारेलीबागेतील आजचा बिनअंड्याचा केक हा त्या नानखटाईचाच वंशज म्हणावा लागेल.

महाराष्ट्रात मात्र पदार्थापेक्षा हात अधिक पाहिला गेला. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानास गेली असता तेथे चहा-बिस्किटे पुढे आली. गोपाळराव जोशी ह्यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात प्रसिद्ध केली आणि ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांसारख्यास व रानड्यांसारख्यासही प्रायश्चित्ताच्या वाटेने जावे लागले. त्या वादात बिस्किटात काय घातले आहे ह्याला फारसे महत्त्व नव्हते. ते कोणाच्या घरी व कोणाच्या हातचे, हाच मुख्य प्रश्न होता. पुढे १८९८ साली दिल्लीस ‘हिंदू बिस्किट कंपनी’ निघाली. उच्चवर्णीयांच्या हातांनी माल तयार होतो, हीच तिच्या मालाची ग्वाही होती. पश्चिमेचा पदार्थ स्वीकारावयाचा, परंतु हात मात्र आपलाच हवा, अशी ती तडजोड होती.

बडोद्यास हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. गायकवाडी राज्यामुळे दांडिया बाजार व रावपुरा ह्या भागांत मराठी घरे वसली होती. श्रीखंड, पुरणपोळी आणि चिरोटे करणाऱ्या ह्या घरांशेजारीच पुष्टिमार्गी वैष्णवांच्या हवेलीत ठोर, मठडी व मोहनथाळ ह्यांचा भोग लागत असे. दुलीरामच्या पेढ्यांनीही ह्या शहरात मोठे नाव मिळविले. सयाजीराव महाराज १८८७ साली प्रथम विलायतेस गेले. समुद्रपर्यटनाचा निषेध मानणाऱ्या समाजात राजानेच ती मर्यादा ओलांडली. शिक्षण आणि समाजसुधारणा ह्यांत बडोदे पुढारलेले संस्थान ठरले.

तरीही ह्याच शहराच्या इतिहासात एक पान असे आहे की जे वाचताना मान खाली जाते. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस जाऊन आलेले भीमराव आंबेडकर १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. कचेरीतील लोक त्यांच्यापुढे कागद दुरून टाकीत. तेथे त्यांना प्यावयास पाणी मिळत नसे. राहावयास हिंदूंनी जागा दिली नाही. पारशी खानावळीत पारशी नावाने आश्रय घेतला, तर तेथूनही जमावाने त्यांना हुसकून लावले. गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाटीबागेत, म्हणजे सयाजीबागेत, बसून राहिले. ती बाग कारेलीबागेपासून फारशी दूर नाही. आज ज्या परिसरात केकमध्ये अंडे आहे की नाही एवढेच विचारले जाते, तेथे शंभर वर्षांपूर्वी पाण्याचा पेला कोणी कोणास द्यावा, हा प्रश्न माणसाच्या जगण्यामरणाचा होता.

ह्यानंतरचा बदल दोन संस्थांवाचून समजणार नाही. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या, आणि त्यांच्या काळात तेथे गृहविज्ञानाचे शिक्षण सुरू झाले. स्वयंपाक हा शास्त्राचा व अभ्यासाचा विषय झाला. दुसरी संस्था आणंदची. १९४६ च्या डिसेंबरात खेडा जिल्ह्याच्या दूध उत्पादकांचा सहकारी संघ नोंदला गेला, आणि १९५५ साली तेथे म्हशीच्या दुधाची भुकटी करणारा कारखाना उभा राहिला. आणंद बडोद्यापासून सुमारे ४० किलोमीटर. लोणी, भुकटी आणि आटवलेले गोड दूध हाताशी आल्यावर अंड्याचे काम दुधावर सोपविणे सोपे झाले.

हे काम कोणते, तेही पाहू. फेटलेले अंडे हवा धरून ठेवते, भट्टीत घट्ट होऊन केकला आकार देते आणि तूप व पाणी एकजीव करते. बिनअंड्याच्या केकमध्ये दह्याची किंवा व्हिनेगरची आंबटी व सोडा ह्यांच्या संयोगाने वायू निर्माण होऊन पीठ फुगते. आटवलेल्या दुधाने ओलावा, गोडी व बांधणी येते. आपल्या गृहिणींस आंबट ताक व सोडा घालून ढोकळा फुगविण्याची रीत ठाऊक होतीच. तेव्हा ही विद्या परकी असली तरी तिचे सूत्र अनोळखी नव्हते.

आज दिवाळीनंतरच्या अन्नकूटात स्वामिनारायण पंथाच्या मंदिरांतून लाडू-मोहनथाळांच्या राशींबरोबर बिनअंड्याचे केक व बिस्किटेही ठाकुरजींपुढे मांडली जातात. ह्या पंथाचे एक मंदिर कारेलीबागेतही आहे. ज्या भट्टीच्या पदार्थाच्या नुसत्या स्पर्शाने गाव बाटत असे, तो आज नैवेद्याच्या रांगेत आहे. गोव्यातही हेच घडले. पदेराच्या सायकलीचा भोंगा वाजला की हिंदू घरांतूनही उंडे घेतले जातात, आणि पातळ भाजीबरोबर सकाळची न्याहारी होते.

ह्यावरून आम्हांस एक गोष्ट स्पष्ट दिसते. शुद्धीचे प्रश्न दोन आहेत. पदार्थात काय आहे, हा एक आणि तो कोणाच्या हातचा, हा दुसरा. पहिला प्रश्न अहिंसेचा व व्रताचा आहे. तो विचारण्याचा अधिकार प्रत्येक भाविकास आहे. तो पुरतेपणी विचारावा, एवढीच आमची सूचना. अंडे नाही म्हणजे सारे निर्दोष असे नव्हे. थरथरणाऱ्या पुडिंगात जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेले जिलेटिन असू शकते. लाल रंग कीटकांपासूनचा असू शकतो. बांधीव मालावर हिरवी किंवा तपकिरी खूण असावी लागते, आणि आपल्या कायद्याने अंडेही मांसाहारातच गणले आहे. सुट्या मालाची चौकशी मात्र आपणच करावी लागते. पांढरीशुभ्र दिसणारी मलई दुधाची की वनस्पती तेलाची, हेही विचारावे. उंची दुकान ते, की जे ह्या प्रश्नांची सरळ उत्तरे देते.

दुसऱ्या प्रश्नाने मात्र आपल्या समाजाचे अपरिमित नुकसान केले. त्याने माणसे बाटविली, विद्वानांस प्रायश्चित्ते घ्यावयास लावली आणि तहानलेल्यास पाणी नाकारले. तो काळाच्या भट्टीत जळून गेला असेल, तर त्याची राख उकरण्याचे कारण नाही. कोठे तो अद्याप धुमसत असेल, तर तो विझविणे हेच देवळाशी नाते सांगणाऱ्या समाजाचे कर्तव्य आहे. देवापुढे ठेवलेला पदार्थ प्रसाद म्हणून वाटला जातो. तो वाटताना घेणाऱ्याचा हात कोणाचा, हे पाहिले जाऊ नये. तसेच तो करणाऱ्याचा हात कोणाचा, हेही पाहिले जाऊ नये, असे आम्हांस वाटते.